खारे पाणी, रिठा आणि कोंडा: खारपाणपट्ट्यातील एका शाम्पूचे प्रकरण

दर्यापूरकडून मूर्तिजापूरकडे जाताना दोन्ही अंगांनी जी काळी, सपाट जमीन लागते ती खारपाणपट्ट्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात विहिरीचे व बोअरचे पाणी खारे लागते, डाळ त्यात शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. पिण्याचे पाणी नळयोजनेतून येते, पण ते रोज येत नसल्यामुळे साठवलेले गोडे पाणी पिण्याला आणि स्वयंपाकाला राखून ठेवले जाते, आणि आंघोळ, धुणे व जनावरे बोअरच्या पाण्यावर भागवली जातात. पुढे जे काही घडले त्याची अर्धी कारणे या एका वाक्यात आहेत. मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असूनही ती माझ्या लक्षात यायला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे.

या पट्ट्यातील एका गावातील महिला बचत गटाने एप्रिलच्या सुरुवातीला आमच्या महाविद्यालयात एक बाटली आणली. बाटलीत रिठा, शिकेकाई, आवळा आणि कडुनिंबाच्या पाल्याचा काढा होता आणि फेस यावा म्हणून त्यात किसलेला आंघोळीचा साबण मिसळला होता. गावातील बहुतेक बायकांच्या डोक्यात कोंडा आहे, बाजारातला शाम्पू पाऊचमागे पैसे खातो आणि त्याने गुणही येत नाही, तेव्हा आपणच कडुनिंबाचा शाम्पू करून आठवडी बाजारात विकावा, असा गटाचा विचार होता. कडुनिंब दारोदारी आहे आणि आवळा परतवाड्याच्या बाजारात मिळतो, त्यामुळे लांबून मागवायचे ते फक्त रिठा आणि शिकेकाई. आम्ही तो शाम्पू तपासून द्यावा आणि 'कोंडा जातो' असे लेबलवर लिहिता येईल का ते सांगावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पहिल्या बाटलीत काय बिघडले होते

बाटलीचा रंग शाईसारखा काळा होता. गटातील बायकांना तो औषधीपणाचा पुरावा वाटत होता, पण त्याचे कारण लोखंडी कढई होते. आवळ्यात आणि शिकेकाईत टॅनिन असते, ते लोखंडाशी संयोग पावले की काळा-निळा पदार्थ तयार होतो, आणि जुन्या काळी लिहिण्याची शाई याच क्रियेने करत असत. केस काळे दिसतात म्हणून या रंगाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, उशीच्या अभ्र्यांबद्दल मात्र होती.

रंग ही किरकोळ बाब. खरा घोटाळा साबणाचा होता. रिठा, शिकेकाई आणि आवळा यांचा काढा आम्लधर्मी असतो. साबण हे मेदाम्लाचे क्षार असल्यामुळे आम्लधर्मी द्रवात ते टिकत नाही आणि नासलेल्या दुधासारखे फाटते. गटाच्या पहिल्या घाण्यात नेमके हेच झाले, वर पांढरट गोळे तरंगले. ते विरघळावेत म्हणून कोणीतरी धुण्याचा सोडा घालण्याचा उपाय सुचवला आणि तो लागूही पडला, द्रव एकजीव झाला. फक्त आता त्याचा सामू, म्हणजे पीएच, नऊच्या वर गेला होता. टाळूचा सामू साधारण 5.5 आणि केसाच्या दांड्याचा त्याहूनही कमी, सुमारे 3.7 असतो. इतक्या अल्कधर्मी द्रवाने केसावरील खवले उघडतात आणि केस चरबट होऊन गुंततात.

यापुढची कडी जास्त मजेशीर आहे. काढा दोन दिवसांत आंबतो हे बायकांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी लोणच्याच्या मसाल्यासोबत मिळणारे सोडियम बेंझोएट घातले होते. हा टिकाऊकारक मात्र आम्लधर्मी द्रवातच काम करतो, कारण जंतूच्या पेशीत शिरते ते विघटन न झालेले बेंझोइक आम्ल. सामू 4.2 असताना घातलेल्या मात्रेपैकी निम्मे त्या रूपात असते, 5.2 ला जेमतेम नऊ टक्के, 6.2 ला एक टक्का, आणि नऊच्या वर नाव घेण्यापुरतेही नाही. म्हणजे फेसासाठी साबण घातला, साबण सावरण्यासाठी सोडा घातला आणि सोड्याने टिकाऊकारक निकामी केला. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गटाच्या टिनाच्या खोलीत ठेवलेल्या बाटल्यांची झाकणे फुगली आणि दोन बाटल्या फुटल्या. सौंदर्यप्रसाधनांच्या स्थैर्यचाचणीत 40 अंश तापमानाला नमुना ठेवणे ही 'कडक' अट समजली जाते. विदर्भात मे महिन्यात पारा सावलीतच 45 अंशांपर्यंत जातो आणि टिनाखाली त्याहून वर. आमच्या प्रयोगशाळेतील स्थैर्यपेटीपेक्षा त्या खोलीने लवकर निकाल दिला.

नवे द्रावण

साबण काढून टाकायचा, हे ठरायला वेळ लागला नाही. रिठ्याच्या टरफलात सॅपोनिन असते, ते स्वतःच फेस करते आणि मळ उचलते. साबण खाऱ्या व जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून न विरघळणारा साका तयार करते, रिठ्याच्या बाबतीत ते तसे होत नाही. गटाने मात्र बाजारातून दळलेली रिठा पूड आणली होती आणि तिच्यात बियाही दळलेल्या होत्या. रिठ्याची बी वजनदार असते आणि सॅपोनिन टरफलात असते, म्हणून दळलेल्या पुडीचे माप फसवे ठरते. आम्ही अख्खा रिठा आणून बिया काढायला लावल्या.

स्टीलच्या पातेल्यात एक लिटर गोड्या पाण्यासाठी 100 ग्रॅम रिठ्याचे टरफल आणि 50 ग्रॅम शिकेकाईच्या शेंगा रात्रभर भिजवून, सकाळी मंद आचेवर अर्धा तास ठेवून, दुहेरी सुती कापडातून गाळायचे असे ठरले. गाळलेले द्रावण थंड झाल्यावर त्यात अर्धा टक्का सोडियम बेंझोएट आणि दाटपणासाठी थोडा झँथन डिंक घालून, लिंबूसत्त्वाने सामू 4.5 च्या आसपास आणला. डिंक पाण्यात थेट टाकला की त्याच्या गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या मोडत नाहीत, म्हणून तो आधी थोड्या ग्लिसरीनमध्ये कालवून मग ओतायचा, हे दुसऱ्या घाण्यात कळले. आवळा वगळला, कारण रंगाखेरीज त्याचा काही उपयोग दिसला नाही. याच घाण्याचे पुढे दोन भाग केले. एका भागात कडुनिंबाच्या पाल्याचा काढा घातला आणि दुसऱ्यात तेवढेच पाणी.

कडुनिंबाबद्दल माझ्या मनात सुरुवातीपासूनच एक शंका होती. त्यातील ज्या कडू द्रव्यांवर औषधी गुणाची भिस्त आहे, त्यातील बरीचशी पाण्यात फारशी विरघळत नाहीत, त्यामुळे पाला उकळलेल्या पाण्यात कडवटपणा येतो पण द्रव्याची मात्रा किती येते हा प्रश्न उरतो. मग कडुनिंबाचे तेलच का घालू नये, असे गटातील एकीने विचारले. कोंड्याच्या बाबतीत ते उलट पडण्याची भीती होती. कोंड्यामागे मॅलेसेझिया नावाची यीस्टवर्गीय बुरशी असते. ती निरोगी टाळूवरही असते, पण तिला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत, म्हणून ती टाळूवरील तेलातील मेद तोडून त्यावर जगते आणि ओलेइक आम्लासारखी असंतृप्त मेदाम्ले मागे सोडते. ज्यांच्या टाळूला हे आम्ल सोसत नाही त्यांच्या त्वचेची पापुद्रे टाकण्याची गती वाढते, आणि त्या पापुद्र्यांनाच आपण कोंडा म्हणतो. कडुनिंबाच्या तेलात ओलेइक आम्लाचेच प्रमाण सर्वांत मोठे असते. रात्रभर डोक्यावर तेल थापून 'कोरडेपणामुळे आलेला कोंडा' घालवण्याची जी आपली घरोघरची रीत आहे, तिच्याबद्दलही मला तेव्हापासून जपूनच बोलावे लागले, कारण समोर बसलेल्या प्रत्येकीच्या डोक्याला तेल होते.

प्रयोगशाळेतील चाचण्या थोडक्यात सांगतो. शाईची चाचणी, म्हणजे पातळ केलेल्या शाम्पूत काळ्या शाईचा थेंब टाकून हलवल्यावर शाई फेसात राहते की पाण्यात उतरते हे पाहणे, दोन्ही भागांनी पार केली. शाई पाण्यात राहिली, म्हणजे मळ केसांवर परत बसणार नाही. फेसाच्या चाचणीसाठी आम्ही मोजपात्रात आधी प्रयोगशाळेतील शुद्ध पाणी वापरले आणि नंतर विद्यार्थ्यांपैकी एकाने सहज म्हणून गावातून आणलेले बोअरचे पाणी वापरले. रिठ्याच्या द्रावणाचा फेस दोन्ही पाण्यांत आला, खाऱ्यात थोडा कमी. गटाच्या जुन्या साबणवाल्या बाटलीचा फेस शुद्ध पाण्यात भरघोस आला आणि खाऱ्या पाण्यात अजिबात आला नाही, तळाशी फक्त पांढरे कण बसले. वहीत ही नोंद 'जुना नमुना नापास' एवढ्याच शब्दांत आहे. ते पांढरे कण हातात घेऊन पाहण्याची बुद्धी त्या दिवशी कोणालाही झाली नाही.

बुरशीविरोधी चाचणीत आम्ही मागेच राहिलो. मॅलेसेझिया वाढवायला तेलयुक्त माध्यम लागते आणि ते आमच्याकडे नव्हते, म्हणून अनेक महाविद्यालयांत होते तसे कँडिडावर काम भागवले. कडुनिंबाच्या भागाभोवती थोडीशी मोकळी, बुरशी न वाढलेली कडा दिसली. तिच्यावरून मी काही निष्कर्ष काढला नाही. एक तर ती बुरशी वेगळी, आणि दुसरे म्हणजे माध्यमावर द्रावण पूर्ण दिवस टेकून राहते, तर शाम्पू डोक्यावर तीन मिनिटे राहतो.

डोक्यावरची चाचणी

माणसांवर काही लावून पाहायचे तर नीतिसमितीची मान्यता आणि प्रत्येकीची लेखी संमती हवी. समितीने लहान मुलांना घ्यायला मनाई केली आणि ते योग्यच होते. संमतीपत्र मराठीत वाचून दाखवले, कानामागे थेंब लावून दोन दिवस वाट पाहिली, आणि रिठा डोळ्यांत गेला तर भयंकर झोंबतो हे प्रत्येकीला दोनदा सांगितले. गटातील व शेजारपाजारच्या मिळून वीसहूनही कमी स्त्रिया होत्या. संख्या इतकी लहान की तिच्यावरून टक्केवारी काढून दाखवणे अप्रामाणिकपणाचे होईल, म्हणून या लेखात ती कुठेही नाही.

सुरुवातीची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी केली. एकीच्या डोक्यावरील जाड, चंदेरी थर कोपरांवरही होते, तो सोरायसिस निघाला. दुसरीने बरोबर आणलेल्या नातवाच्या डोक्यावर केस गळून गोल चट्टे पडले होते. घरचे त्याला 'कोंड्याने खाल्लेले' म्हणत होते, पण तो डोक्याचा गजकर्ण होता. त्याला पोटातून औषध लागते आणि कोणताही शाम्पू त्यावर पुरेसा नसतो. चाचणीतून आमच्या हाती दुसरे काही लागले नसते, तरी त्या पोराची वेळेवर सोय झाली एवढे समाधान होते.

उरलेल्या स्त्रियांना दोन गटांत वाटून आठवड्यातून दोनदा, चार आठवडे, बाटली वापरायला दिली. एका बाटलीच्या गळ्याला लाल दोरा आणि दुसरीच्या हिरवा. कोणत्या बाटलीत कडुनिंब आहे हे गुण देणाऱ्या विद्यार्थिनीला ठाऊक नव्हते. गुणांकनासाठी टाळूचे आठ भाग कल्पून प्रत्येक भागाला चिकटलेल्या पापुद्र्यांनुसार 0 ते 10 गुण द्यायचे आणि बेरीज 80 पैकी करायची, ही त्वचारोगात रुळलेली पद्धत घेतली. वापरणाऱ्यांपासून मात्र काही लपले नाही. कडुनिंबाचा वास लपत नाही, पहिल्याच धुण्यात सगळ्यांना कोणाकडे काय आहे ते कळले आणि हिरव्या दोऱ्याच्या बायकांनी आपल्याला 'नुसते पाणी' दिल्याची कुरकूर केली.

चार आठवड्यांनी दोन्ही दोऱ्यांचे गुण उतरले होते आणि उतरण्यात सांगण्यासारखा फरक नव्हता. हिरव्या दोऱ्याच्या बायकांची कुरकूर थांबली होती. एवढ्यावर 'रिठ्यानेच कोंडा जातो, कडुनिंब नको' असे लिहून मोकळे होता आले असते आणि मी तसा मसुदाही केला होता. तो अडकला एका गोष्टीमुळे. चाचणीत नसलेल्या, आपला नेहमीचा साबण वापरणाऱ्या शेजारणीही त्याच काळात कोंडा कमी झाल्याचे सांगत होत्या.

पाऊस

आम्ही चाचणी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू केली होती. मृगाचा पाऊस लागला की या पट्ट्यात लोक पागोळ्यांखाली घागरी, टाक्या, ड्रम लावतात आणि चार-दोन महिने धुण्यान्हाण्यालाही गोडे पाणी वापरतात. ही गोष्ट आम्हाला सांगावी असे कोणाला वाटले नाही, कारण ती कोणाला सांगण्यासारखी वाटतच नाही. पहिल्याच भेटीत गटातील एका वयस्क बाईंनी मला सांगितले होते की बहिणीकडे परतवाड्याला आठ दिवस राहिले की त्यांचा कोंडा आपोआप जातो आणि घरी आले की परत येतो. मी ते हवापालटाच्या खात्यात टाकून पुढचा प्रश्न विचारला होता. परतवाडा मेळघाटच्या पायथ्याशी आहे आणि तिथले पाणी गोडे आहे.

यानंतर आम्ही जे करायला हवे होते ते उशिरा केले. ज्या घरी अजून बोअरचे पाणी चालू होते तिथल्या बायकांच्या केसांतील पांढरा भुसा काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. बऱ्याच नमुन्यांत त्वचेचे पापुद्रे जवळजवळ नव्हतेच, आकारहीन कण होते आणि ते टाळूऐवजी केसाच्या दांड्याला चिकटलेले होते. लिंबू पिळलेल्या कोमट पाण्यात ती बट बुडवली की कण सुटून येत आणि बोटांना किंचित तेलकट थर लागे. साबण आणि जड पाणी यांच्यापासून झालेला साका आम्लात असाच वागतो. मोजपात्राच्या तळाशी बसलेले कण आणि हे कण एकच होते. या स्त्रियांची टाळू लाल नव्हती आणि 'खाज येते का' या प्रश्नावर त्यांनी सुरुवातीपासून 'फारशी नाही' असेच उत्तर दिले होते. ते आमच्या तक्त्यात नोंदलेलेही होते.

मोजक्या काही जणींच्या नमुन्यात मात्र खरे पापुद्रे आणि रंगवल्यावर दिसणाऱ्या कळ्या फुटलेल्या यीस्टपेशी होत्या. वही पुन्हा चाळली तेव्हा दिसले की या स्त्रियांचे गुण थोडे उतरून थांबले होते आणि खाज होती तशीच होती, लाल दोरा असो की हिरवा. त्यांना डॉक्टरांनी कीटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा दोन टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे डोक्यावर ठेवून धुवायला सांगितला. दोन-तीन आठवड्यांत त्यांची खाज उतरली. वनस्पतीजन्य द्रव्यांचा कोंड्यावर उपयोग होतच नाही, असा याचा अर्थ मी लावत नाही. ऑस्ट्रेलियात टी-ट्री तेलाच्या पाच टक्के शाम्पूची 126 रुग्णांवर चार आठवडे चाचणी झाली होती आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्या गटात 41 टक्के, तर औषधाविना शाम्पू वापरणाऱ्यांत 11 टक्के सुधारणा नोंदवली आहे. यातील 11 टक्क्यांकडेही पाहावे. औषध नसलेल्या बाटलीनेही काहीतरी होते, आणि ते किती होते हे शेजारी तशी बाटली ठेवल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे हिरवा दोरा नसता तर कडुनिंबाची कीर्ती गावभर झाली असती आणि तिला माझी सही असती.

आमच्या आखणीतील दोष मात्र हिरव्या दोऱ्यानेही भरून निघत नाही. दोन्ही बाटल्यांत रिठा होता, म्हणून चाचणी कडुनिंबाबद्दल काही सांगू शकते, रिठ्याबद्दल काहीच नाही. तिसरी बाटली साध्या सौम्य शाम्पूची हवी होती, आणि काही जणींना नेहमीचा साबणच पण गोड्या पाण्याचा कॅन देऊन पाहायला हवे होते. ऋतूही चुकला. कोंडा थंडीत वाढतो, आणि आम्ही तो पावसाळ्यात मोजला.

लेबल

गटापुढे हे सर्व मांडले तेव्हा नाराजी झाली आणि ती स्वाभाविक होती, कारण 'कोंडा जातो' हे चार अक्षरांचे वचन सोडले तर बाजारात त्या बाटलीकडे कोण वळणार हा त्यांचा प्रश्न खरा होता. त्यातच परवान्याची बाब निघाली. शाम्पू हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन आहे. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 प्रमाणे ते विक्रीसाठी तयार करायला राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, घाणा क्रमांक आणि वापराची मुदत बाटलीवर छापावी लागते, आणि रोग बरा करण्याचा दावा केला की प्रकरण औषधाच्या खात्यात जाते. टिनाच्या खोलीत हे बसणारे नव्हते. गटाने तूर्त आठवडी बाजाराचा विचार सोडला असून घरच्या वापरापुरते द्रावण करणे चालू ठेवले आहे. कडुनिंब त्यातून गेला, त्यामुळे पाला उकळण्याचे एक काम आणि तेवढे सरपण वाचले. साबण मात्र अनेक घरांत डोक्यापुरता तरी बंद झाला, आणि शेवटचा तांब्या गोड्या पाण्याचा, त्यात अर्धे लिंबू पिळून, घेण्याची पद्धत पडली. हा उपाय आम्ही सुचवलेला नव्हता. काचपट्टीवरची बट लिंबाच्या पाण्यात बुडवताना ज्यांनी पाहिले त्यांनीच तो सुरू केला.

दिवाळीनंतर, पागोळ्यांचे पाणी संपून घरे पुन्हा बोअरवर आली की, चार दोऱ्यांची चाचणी घ्यायची आहे: रिठा, साधा शाम्पू, खाऱ्या पाण्यातला साबण आणि गोड्या पाण्यातला साबण. चौथ्या दोऱ्यासाठी दर धुण्याला एका बाईमागे साधारण एक बादली गोडे पाणी लागेल. ते कोठून आणायचे याचा हिशेब गटाच्या वहीत मांडून ठेवला आहे, आणि अद्याप तो जुळलेला नाही.